मॅलकी फाउलीची हरकत

शुक्रवार, १० मार्च २०२३. मॅलकी फाउलीने पोस्टातून आठवड्याची पेन्शन काढली आणि त्यातली वीस युरोची नोट मीहनबाईंच्या स्वयंपाकघरात टेबलावर ठेवली. कोणाच्या बांधकामाच्या अर्जावर हरकत घ्यायची असेल तर काउंटीच्या ऑफिसात वीस युरो भरावे लागतात. एकाहत्तर वर्षांत मॅलकीने कोणाविरुद्ध कागद दिला नव्हता. नोट ठेवून झाल्यावरही त्याची दोन बोटे तिच्यावरच होती.

"सोड आता," बाई म्हणाल्या. "पळून नाही जाणार ती."

कन्सेप्टा मीहन अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या होत्या. लायट्रिम काउंटीतल्या ड्रमनाफर्नच्या शाळेत त्यांनी चौतीस वर्षे शिकवले, म्हणून सगळी वाडी त्यांना बाईच म्हणे. हरकतींची मोहीम त्यांचीच. एकूण सात पत्रे जायची होती. त्यातल्या सहा जणांच्या घरांतून बांधकामाचे ते शेत दिसतही नव्हते. त्या शेताला लागून घर होते ते एकट्या मॅलकीचे.

"वाचून घे," बाईंनी टाइप केलेला कागद पुढे सरकवला.

"चष्मा नाही आणला."

"मॅलकी, चष्मा तुझ्या नाकावर आहे."

त्याने वाचले. 'माझ्या घराला नळाचे पाणी नाही. मी व माझे वडील बंधू थेडी घरामागच्या झऱ्याचे पाणी पितो. अर्जदाराने सांडपाण्याचा शोषखड्डा या झऱ्याच्या वरच्या अंगाला, ऐंशी पावलांवर दाखवला आहे.' सगळे खरे होते. कुठे शिवी नाही, कुठे नाव नाही.

"अर्जदार म्हणजे आपला शेजारचा अल्टनच ना?"

"नाहीतर कोण, पोप?"

"नाव घातलं नाहीत हे बरं केलंत. कोण वाचतं हे?"

"ज्यांनी वाचायचं ते वाचतील. सही कर."

त्याने सही केली. पाण्याची काळजी होतीच. पण सही करताना त्याच्या मनात होती ती भावाची कबर. थेडी उन्हाळा बघणार नाही असे डॉक्टरांनी जानेवारीतच सांगितले होते.

याला कारण वाडीची रीत.

ड्रमनाफर्नमध्ये माणूस गेला की त्याची कबर शेजारी उघडतात. घरच्यांनी फावड्याला हात लावायचा नसतो आणि पैसे द्यायचे नसतात. मुख्य म्हणजे कोणाला बोलवायचे नसते. शेजारी आपण होऊन येतात. आले की त्यांना घरी जेवायला घालायचे, टेबलावर बाटली ठेवायची. झाले. मॅलकीच्या लहानपणी वळणावरच्या एका घराने शेजाऱ्याला चराच्या भांडणावरून वकिलाची नोटीस पाठवली होती. पुढे त्या घरचा म्हातारा वारला तेव्हा कोणीच आले नाही. दोन मुलांनी भर पावसात बापाची कबर स्वतः खणली. त्या गोष्टीला साठ वर्षे झाली, घराचे छप्परही कोसळले, तरी त्यांचे नाव निघाले की लोक अजून म्हणतात, "ते होय, स्वतःची कबर स्वतः खणणारे!"

मॅलकी एकोणतीस वर्षे काउंटीच्या रस्त्यांवर फावडे मारत होता. नोकरी, सव्वीस एकर जमीन (त्यातली निम्मी लव्हाळ्याची), चाळीसेक मेंढ्या आणि थेडी, एवढाच त्याचा पसारा. दोघा भावांनी लग्न केले नाही. थेडीचे एकदा ठरत आले होते. पण मुलीला भेटायला जायचे त्याच रविवारी गाय व्यायली, आणि थेडी गायीपाशी थांबला. मॅलकीचे तेवढेही जमले नव्हते. फावड्याचा हात मात्र त्याचा सरळ. किल्टाव्हनच्या दफनभूमीत त्याने त्रेचाळीस कबरी उघडल्या होत्या. कोण कोणाशेजारी आहे, कुठे खडक लागतो, कुठे दोन फुटांवर पाणी येते, हे त्याला फादरांपेक्षा जास्त माहीत होते. सहा वर्षांपूर्वी ओवन गिलमार्टिन गेला तेव्हा त्याची कबर मॅलकी आणि थेडी यांनीच उघडली. थेडी तेव्हा एकाहत्तरचा, पण डोक्याकडची बाजू त्याने एकट्याने काढली. ओवनचा मुलगा अल्टन ऑस्ट्रेलियातून दफनाच्या सकाळी पोहोचला आणि त्याने दोघांचे हात हातात घेतले.

तोच हा अल्टन. नऊ वर्षे परदेशात काढून बायको ब्रोना आणि दोन मुलांना घेऊन तो बापाच्या जमिनीवर परत आला होता. आणि आता वाडीत कंबरेत जोर असलेला पुरुष म्हटला तर तो एकच उरला होता. क्लॅन्सींची मुले इंग्लंडला गेली होती. ह्यूईच्या खुब्यात नवा सांधा बसवला होता. मॅलकी स्वतः घरचा, त्याला फावडे धरता येणार नव्हते.

म्हणजे ज्याच्याविरुद्ध सही केली, थेडीची कबर त्याच्याच हातात होती.

चूक मात्र सहीच्या आधीच झाली होती, जानेवारीत, मॅलकीच्याच टेबलावर. अल्टन नकाशा घेऊन आला होता.

"हे बघा मॅलकी, सहा पॉड. लाकडी, गोल छपराचे. आत पलंग, शॉवर, शेगडी. बाहेर गरम पाण्याचा टब."

"टब बाहेर?" खिडकीजवळच्या खुर्चीतून थेडीने विचारले.

"हो. चांदण्या बघत बसायचं त्यात."

"लायट्रिमच्या पावसात? चांदण्या?"

"ग्लॅम्पिंग म्हणतात थेडी याला. तंबूचा थाट, हॉटेलची सोय. लोक रात्रीचे एकशेचाळीस युरो देतात."

"एकशेचाळीस देऊन ओल्यात झोपायचं? आम्ही दोघं सत्तर वर्षं फुकट झोपलो."

तिघेही हसले. हसता हसता मॅलकीची नजर नकाशावरच्या निळ्या चौकोनावर गेली. "हे काय?"

"शोषखड्डा. इंजिनिअरने काढलाय."

मॅलकीने त्या चौकोनावर बोट ठेवले. त्या शेताचा उतार त्याला तळहातासारखा पाठ होता. तिथे ओतलेले पाणी तिसऱ्या दिवशी त्यांच्या झऱ्यात उतरणार.

"तुम्हाला काही अडचण नाही ना?" अल्टनने कप उचलत विचारले.

"कसली अडचण? छान होईल. देव भलं करो. अजून घे चहा."

ड्रमनाफर्नमध्ये आपला कप ज्याच्या हातात आहे त्याला कोणी नाही म्हणत नाही. 'छान होईल' म्हणायचे. ते कसे म्हटले, किती लवकर चहाकडे वळले, यावरून समोरच्याने समजून घ्यायचे. ओवनला समजले असते. नऊ वर्षांत अल्टनचा तो कान गेला होता. त्याने होकार तो होकार धरला, दोन कप चहा प्यायला आणि खुशीत घरी गेला. फेब्रुवारीत शेताच्या फाटकाच्या खांबावर बांधकामाच्या अर्जाची, प्लास्टिकमध्ये घातलेली पांढरी नोटीस लागली. तिच्यावरही तोच निळा चौकोन. तोंडावर बोलणे उद्धटपणाचे. पत्र त्यापेक्षा मऊ, असे मॅलकीने स्वतःला समजावले.

एप्रिलच्या पहिल्या मंगळवारी सरकारी नर्स थेडीच्या पायाची पट्टी बदलायला आली. पट्टी गुंडाळता गुंडाळता म्हणाली, "पत्र छान लिहिलंय हो मॅलकी. झरा अगदी डोळ्यांसमोर उभा राहिला."

"कुठलं पत्र?"

"हरकतीचं. कॉम्प्युटरवर आहे ना. आम्ही जेवणाच्या सुट्टीत सातही वाचली. बाईंचं चार पानी आहे, त्यातली तीन पानं नुसती बेघर होणाऱ्या वटवाघळांवर."

मॅलकी उठून उभा राहिला. "कॉम्प्युटरवर... नावासकट?"

"नाव, पत्ता, सही. नियमच आहे तसा."

"कोणीही वाचू शकतं?"

"कोणीही. ऑस्ट्रेलियातूनसुद्धा."

नर्सला दारापर्यंत सोडून मॅलकी परत आला. मग थेडी म्हणाला, "माझंही नाव घातलंस?"

"बंधू म्हणून. पाणी तूही पितोस."

"मी व्हिस्कीत घालून पितो. तसं लिहायचं होतंस."

त्या दिवसापासून मॅलकीला रस्त्याची भीती वाटू लागली. तिथल्या अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली की चालवणारा स्टिअरिंगवरून एक बोट उचलतो. तेवढाच रामराम. अनोळखी माणसालाही मिळतो. बुधवारी अल्टनची जीप आली. मॅलकीने हात वर केला. जीप गेली. स्टिअरिंगवर दहाही बोटे होती. गुरुवारी तेच. शनिवारी मॅलकी जीपचा आवाज ऐकून कुंपणाकडे तोंड करून उभा राहिला, आणि लाज वाटून घरी आला. पुढच्या आठवड्यात दुकानात तो शिरताच दोघांचे बोलणे थांबले. कदाचित ते सहज थांबले असेल. पण भ्यालेल्या माणसाला सहज काही दिसत नाही.

मग कळले की ऑफिसने अल्टनकडे जमिनीची आणखी चाचणी मागितली आहे. एका सकाळी वरच्या शेतात पिवळे यंत्र आले आणि तीन खड्डे पडले. मॅलकी मागच्या दाराच्या फटीतून बघत राहिला. ते खड्डे लांबून कबरींएवढेच दिसत होते.

तो बाईंकडे गेला. "पत्र मागे घेता येतं का?"

"येतं. एक ओळ लिहायची. वीस युरो परत मिळत नाहीत."

"पैसे जाऊ देत."

"आणि झरा? तोही जाऊ दे?" बाईंनी त्याच्याकडे रोखून पाहिले. "घाबरलास ना?"

"थेडीचे दिवस भरत आलेत बाई. मला सांगा, कोण येणार?"

बाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. त्यांच्या वटवाघळांच्या तीन पानांत ही गोष्ट नव्हती. मग म्हणाल्या, "त्या पोराला मी पाढे शिकवले. येईल तो."

"पाढे शिकवलेत. बाकीचं कोण शिकवणार होतं? बरं, मागे घेतल्याचं पत्रसुद्धा कॉम्प्युटरवर दिसतं का?"

"दिसतं."

म्हणजे आधी पाठीमागून वार करणारा, आणि मग भिऊन पळालेला. दोन्ही सह्या शेजारी शेजारी. मॅलकी काही न लिहिता परत आला.

एकदा तो अल्टनच्या फाटकापर्यंतही गेला. वाटेत तीन वाक्ये घोकली होती. अंगणात ब्रोना कपडे वाळत घालत होती. तिने त्याला पाहिले, हातातला चिमटा टोपलीत टाकला, आत गेली आणि दार लावले. आपटले नाही, हळू लावले. आपटले असते तर मॅलकीला धीर आला असता. फाटकाच्या कडीला हात न लावताच तो वळला, आणि घोकलेली तीन वाक्ये तो वाटेत विसरूनही गेला.

मे महिन्यात थेडीचे ओठ निळसर दिसू लागले. बोलणे मात्र शाबूत होते.

"मला जाळून टाक. कॅव्हनला भट्टी आहे म्हणतात. आयुष्यात पहिल्यांदा अंगात ऊब भरेल."

"आईशेजारी तुझी जागा आहे."

"जागा आहे रे. उघडणार कोण? विचार जाऊन अर्जदाराला."

मॅलकी हसला नाही. थेडीने त्याचे मनगट धरले. बोटे बर्फासारखी होती. "ए, मी चेष्टा करतोय."

"मला माहीत आहे."

"मग तोंड असं का?"

शनिवारी, वीस मेला, सकाळी चहाचा अर्धा कप उरलेला असताना थेडी खुर्चीतच गेला.

दुपारपर्यंत घर माणसांनी भरले. बायकांनी स्वयंपाकघर ताब्यात घेतले, हॅमच्या सँडविचच्या चळती लागल्या, बाईंनी चहाची मोठी किटली धरली ती खाली ठेवलीच नाही. थेडीला पुढच्या खोलीत, निळ्या सुटात, हातात जपमाळ देऊन ठेवले होते. माणसे येत, त्याच्या हाताला हात लावत, मग मॅलकीचा हात दाबून "वाईट झालं, मॅलकी" म्हणत. मॅलकी मान हलवत होता आणि दाराकडे बघत होता. बासष्ट माणसे आली. गिलमार्टिनांच्या घरातले कोणी नव्हते.

बहिणीची मुलगी बॉस्टनहून सोमवारी पोहोचणार होती, म्हणून चर्चमधली दफनाची मिस्सा मंगळवारी अकराला ठरली. म्हणजे कबर सोमवारी उघडणे भाग होते. आणि सोमवारी कबर उघडणे अशुभ. घरात वर्षाच्या आत दुसरे मरण येते म्हणतात. त्यावर जुन्यांनी तोड काढून ठेवली आहे: रविवारी कोणीतरी जाऊन त्या जागेवरचे गवताचे एक ढेकूळ उलटून ठेवायचे. मग काम रविवारीच सुरू झाले असे धरतात, आणि सोमवारचा दोष लागत नाही. ढेकूळही अर्थात शेजाऱ्यानेच उलटायचे.

शवपेटीवाल्याने खालच्या आवाजात विचारले, "कबरीचं कोण बघतंय, मॅलकी?"

"शेजारी," मॅलकी म्हणाला. आणि त्याने पुन्हा दाराकडे पाहिले.

रविवारी मिस्सा संपल्यावर तो किल्टाव्हनला गेला. आईच्या दगडाशेजारचे गवत जसेच्या तसे होते. दुपारी चारला तो पुन्हा टोपी घालून निघाला.

"कुठे?" बाईंनी विचारले.

"दूध आणतो."

"टेबलावर नऊ बाटल्या आहेत."

"ताजं आणतो."

गवत तसेच होते. एक कावळा त्या जागेवर चालत होता, जणू माप घेत होता. मॅलकीने त्याला हाकलले. आपण स्वतःच टाचेने एक ढेकूळ उलटावे असे त्याच्या मनात आले. कोण बघणार होते? त्याने टाच टेकवलीसुद्धा. मग वळणावरच्या घराची ती दोन मुले आठवली आणि निखाऱ्यावर पडल्यासारखा त्याने पाय काढून घेतला.

संध्याकाळी सातला, अजून ऊन होते, तो तिसऱ्यांदा गेला. आईच्या दगडाशेजारी हातभर लांबीचे एक ढेकूळ उलटलेले होते. गवत खाली, काळी माती वर, माती अजून ओली. मॅलकीने चारी बाजूंना पाहिले. कोणी नव्हते. त्याला सुटल्यासारखे वाटायला हवे होते. तसे वाटले ते फाटकापर्यंतच. एक ढेकूळ कोणीही उलटू शकतो. ह्यूई उलटेल, क्लॅन्सीची म्हातारी उलटेल, दया म्हणून. सहा फूट खोल जाणे वेगळे.

सोमवारी सकाळी नऊपासून तो अंगणात उभा होता. दहाला त्याच्याने राहवेना. त्याने खोपटातून आपले फावडे काढले. दारात बाई आडव्या आल्या.

"ठेव ते. घरच्यांनी हात लावायचा नसतो."

"कोणी आलंच नसेल तर?"

"नसेल तर नसेल. पण तुला फावडं घेऊन बघितलं तर आलेलाही परत जाईल."

"बाई, उद्या अकराला माझा भाऊ पेटीत घेऊन मी गवतावर उभा राहू?"

बाई बाजूला झाल्या नाहीत. तो मागच्या दाराने गेला, कुंपणाच्या कडेकडेने, फावडे पायाला चिकटवून, चोरासारखा. मैलभराची वाट. दफनभूमीचा गडगा दिसायच्या आधीच आवाज आला. दगडावर लोखंड.

अल्टन एकटाच होता, मांडीपर्यंत खाली.

"तिथंच थांबा," तो मान वर न करता म्हणाला. "फाटकाच्या आत येऊ नका."

मॅलकी थांबला. "एकटाच?"

"ह्यूई आला होता. दोन फावडी मारली आणि पांढरा पडला. घरी पाठवला. एका आठवड्यात दोन कबरी मला झेपणार नाहीत."

दुसऱ्या कोणत्याही दिवशी मॅलकी हसला असता. "ढेकूळ तूच उलटलंस?"

"ऑस्ट्रेलियात होतो म्हणून सोमवार विसरलो नाही."

आठ-दहा फावडी माती वर आली. मग अल्टनने फावडे रोवले आणि पहिल्यांदा त्याच्याकडे पाहिले. "जानेवारीत मी तुमच्या टेबलावर नकाशा पसरला. तुम्ही त्या चौकोनावर बोट ठेवलंत. तेव्हा का नाही बोललात?"

"तू चहा पीत होतास."

"म्हणजे?"

मॅलकीने गडग्यावरचे शेवाळ नखाने खरवडले. "म्हणजे... चहा पीत होतास."

"मी घरी जाऊन ब्रोनाला सांगितलं, सगळे बोंबलतील, पण मॅलकीची काळजी नाही. आणि मग तिने ते पत्र मला वाचून दाखवलं. मोठ्याने. 'अर्जदार' म्हणे! तीन शेतं सोडून राहतो मी, मॅलकी. मला नाव आहे."

"माझं चुकलं."

"पाण्याचं नाही चुकलं. तिन्ही खड्ड्यांत दोन तासांत पाणी भरलं. आता शोषखड्डा खालच्या अंगाला न्यायचा, म्हणजे सहाच्या जागी चारच पॉड बसतात. बँकेत सहांवर कर्ज काढलंय." त्याने पुन्हा फावडे उचलले. "थेडीने माझ्या बापाची उघडली, म्हणून आलो. थेडीसाठी आलो. तेवढं लक्षात असू द्या."

मॅलकीच्या लक्षात होते. थेडीची कबर उघडत होती. उद्या अकराला तो पेटी घेऊन गवतावर उभा राहणार नव्हता. पण आईशेजारी आणखी एक जागा होती, त्याची स्वतःची, आणि ती कोण उघडणार, हा प्रश्न त्याच्या ओठांवर आला. तो विचारायचा नसतो. त्याने गिळला.

तेवढ्यात फावडे खडकात अडकले. अल्टनने अंगाचा भार टाकला आणि दांडा कडकन मोडला. दोघेही त्या तुकड्याकडे बघत राहिले. मॅलकीने आपले फावडे गडग्यावरून पुढे केले.

"घरचं फावडं आहे," अल्टन म्हणाला.

"हात तुझा आहे."

अल्टनने थोडा वेळ विचार केला आणि ते घेतले. त्या जागी खडक कुठून फोडायचा ते मॅलकीला ठाऊक होते. "डावीकडून, तिरका," तो बाहेरून म्हणाला. अल्टनने डावीकडून, तिरका घाव घातला.

घरी कबर उघडणाऱ्यांसाठी दोन ताटे वाढून ठेवली होती, मध्ये न उघडलेली बाटली. दोनच्या सुमारास ह्यूई आला, ओशाळा होऊन एका ताटावर बसला. दुसऱ्या ताटातले बटाटे थंड झाले. चारला बाईंनी ते उचलले. मॅलकीचे फावडे दफनभूमीच्या फाटकाला टेकवलेले सापडले, पाते गवताने पुसलेले.

मंगळवारी थेडीला आईशेजारी ठेवले. कबरीच्या बाजू पट्टी लावून कापाव्यात तशा सरळ होत्या. अल्टन आणि ब्रोना मागच्या रांगेत उभे होते. शेवटची प्रार्थना संपताच निघून गेले.

जुलैत निकाल लागला. चार पॉडना परवानगी, शोषखड्डा खालच्या अंगाला. झऱ्याचे पाणी आहे तसे राहिले. मॅलकी आता एकाच माणसाचे भरतो. ऑक्टोबरात पॉड उभे राहिले, आणि कधी कधी वारा तिकडून आला की टबात बसलेल्या परक्या माणसांचे हसणे ऐकू येते. त्याच सुमारास मॅलकीच्या डाव्या खांद्यात कळ येऊ लागली. त्याने ती नर्सला सांगितलेली नाही. कळ आली की तो मेंढ्यांच्या फाटकाला धरून उभा राहतो, तीन शेतांपलीकडच्या अल्टनच्या छपराकडे बघतो, आणि ती जाईपर्यंत आकडे मोजतो.

अल्टनने आपल्या मोडलेल्या फावड्याला नवा दांडा स्वतः आणून बसवला. दुकानात त्याची किंमत चौदा युरो. कबरीचे पैसे द्यायचे नसतात, पण थेडीच्या कबरीत मोडलेला दांडा मॅलकीला आपल्याकडचे देणे वाटते. मॅलकी ते द्यायला दोनदा गेला. एकदा घरी कोणी नव्हते. दुसऱ्यांदा ब्रोनाने दार उघडले आणि म्हणाली, "तो नाहीये. नंतर बघू." ते चौदा युरो अजून द्यायचे आहेत.